कुडामागचा बुवा

मॅनेजर सलील सरांनी 'नंदूजी' म्हटलं, तेव्हाच नंदूने ओळखायला हवं होतं की आता आपला गळा कापला जाणार. एरवी हा माणूस चारचौघांत त्याच्याशी हिंदीत बोलायचा. 'ए नंदू, वो लॉबी का एसी देखो.' मराठी फक्त दोनच वेळा निघायची. एकदा गणपतीत, आणि एकदा काही फुकटात करून घ्यायचं असेल तेव्हा. गणपतीला अजून खूप अवकाश होता.

मस्कतच्या रुवी भागातल्या एका जुन्या हॉटेलात नंदू एसी मेकॅनिक. तळमजल्यावर 'अँकर' नावाचा पब आहे. मस्कतमध्ये धड रस्तेही नव्हते त्या काळात तो तेल कंपन्यांच्या गोऱ्या लोकांसाठी उघडला. काळपट लाकडाच्या भिंती, पितळी कंदील, जहाजाचं सुकाणू, उंटाशेजारी उभ्या असलेल्या इंजिनियरांचे फोटो. जुनं ते सगळं तिथे भिंतीला टांगून ठेवलेलं. त्या पबात दर गुरुवारी संध्याकाळी टेक्स-मेक्स बँड वाजतो. टेक्सास आणि मेक्सिको यांच्या सीमेवरचं हे गाणं. त्यात जर्मनांनी नेलेला अकॉर्डियन, मेक्सिकन लोकांची गिटार आणि बसलेल्या माणसाला उठवणारा ठेका. बँडचं नाव 'लॉस कॅक्टस', पण त्यात मेक्सिकन औषधालाही नाही. गाणारा आणि गिटार वाजवणारा रोमेल फिलिपिन्सचा, ड्रमवर कराचीचा साकिब, बेसवर एक गोवेकर, आणि अकॉर्डियनवर कणकवली तालुक्यातला नंदू. मोठ्या काठाची टोपी, नक्षीचं जाकीट, कमरेला रुंद पट्टा. बूट मात्र काढून ठेवलेले. वाजवायला बसताना पायात काही घालायचं नाही, हे त्याला लहानपणीच लागलेलं वळण. गिऱ्हाइकांना वाटायचं, हाही कार्यक्रमाचाच भाग. कुणी विचारलं तर नंदू नुसता हसायचा.

तो मुळात भजनीबुवा. त्यांच्याकडे डबलबारी असते. दोन बुवा समोरासमोर पेट्या घेऊन बसतात, मागे आपापलं मंडळ, आणि भजनातून एकमेकांना सवाल टाकतात. समोरच्याने डिवचलं, टोमणा मारला, तर उत्तर त्याच बैठकीत द्यायचं. घरी जाऊन विचार करून उद्या सांगतो, असं तिथे चालत नाही. जो गप्प बसला तो हरला. नंदूने विसाव्या वर्षी भल्याभल्या बुवांना घाम फोडला होता. नयना त्याला पहिल्यांदा दिसली तीही कुडाळच्या एका बारीत, पुढच्याच रांगेत. तिचा मामा समोरच्या बाजूचा बुवा होता, आणि ती टाळ्या मात्र नंदूच्या गजराला वाजवत होती. लग्न जमायला मग वेळ लागला नाही.

पण भजनावर घर चालतं का? आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, ते घेऊन तो ओमानला आला. आधी इब्राच्या बाजारात एका दुकानात फ्रीज दुरुस्त केले. तिथला अर्बाब, म्हणजे मालक, भला होता, पण दुकान बंद पडलं. मग हे हॉटेल. इथे टेक्सासचा डेल नावाचा एक म्हातारा ड्रिलिंगवाला पबात येऊन अकॉर्डियन वाजवायचा. एकदा भाता फाटला, तेव्हा नंदूने तो शिवून दिला आणि शिवल्यावर सहज वाजवून बघितला. आत पेटीसारखेच सूर, उजव्या हाताला पेटीसारख्याच पट्ट्या. डावीकडची बटणं त्याला येत नव्हती. डेल म्हणाला, सोड ती बटणं, आमच्याकडे पण पुष्कळ जण त्यांना हात लावत नाहीत, बेसवाला आहे ना. झालं. डेल निवृत्त होऊन गेला तेव्हा अकॉर्डियन नंदूच्या मांडीवर ठेवून गेला. तेव्हापासून गाण्याच्या शेवटी नंदू लय चढवत न्यायचा, थेट भजनाच्या शेवटच्या गजरासारखी, साकिब मागून धावायचा आणि अख्खा पब टेबलं बडवायचा. लोक म्हणायचे, काय टेक्सास उभा केलाय. नंदू मनात म्हणायचा, टेक्सास कसला, कणकवली आहे ही.

एवढं सगळं होतं, पण त्याच्या मुलीने ते कधी पाहिलं नव्हतं. पबात मुलांना पाय ठेवता येत नाही. मनाली बारा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये. तिच्या मराठीला धाप लागते. वर्गातल्या मुलींचे बाप बँकेत, तेल कंपनीत. हिचा बाप पाना घेऊन गच्चीवर चढणारा. ती एकदा म्हणाली होती, 'बाबा बँडमध्ये आहे म्हटलं, नोबडी बिलिव्ह्ज मी.' माबेला भागातल्या आपल्या दोन खोल्यांत तो कधीमधी वाजवायचा, तोही हळू, वरचे केरळी शेजारी तक्रार करतात म्हणून. पण घरात लेंगा घालून वाजवणं वेगळं आणि दिव्याखाली, माणसांसमोर वाजवणं वेगळं. ते तिला एकदा दिसावं, एवढीच त्याची इच्छा होती.

आणि ते जमून आलं होतं. पबला पन्नास वर्षं झाली म्हणून हॉटेलच्या बागेत कार्यक्रम ठरला. शुक्रवारची संध्याकाळ, जेवण आणि गाणं, दारू नाही. म्हणून कुटुंबांना परवानगी, आणि स्टाफच्या कुटुंबांनासुद्धा. नयनाने अबोली साडी इस्त्री करून ठेवली. मनालीने आठवडाभर रोज विचारलं, बाबा कुठे बसणार, डावीकडे की उजवीकडे.

शुक्रवारी सकाळी सलील सरांचा निरोप आला की स्टेजच्या मागे एक आडोसा हवा. सजावट म्हणून. नंदूला वाटलं, मागचे एसीचे कॉम्प्रेसर आणि कचऱ्याचे डबे झाकायचे असतील. त्याने खजुराच्या झावळ्या मागवल्या आणि गावाकडे विणलेल्या झावळ्यांची आडभिंत, म्हणजे कूड, बांधतात तसा कूड बांधायला घेतला. काम आवडीचं होतं. साकिब हसत होता, 'भाई, घर बना रहे हो क्या?' नंदूने प्रत्येक गाठ ओढून आवळली. कुठे एक फट ठेवली नाही. वाऱ्याने हलू नये म्हणून खाली वाळूच्या पिशव्या लावल्या. दुपारी सलील सर आले, त्यांनी कूड हाताने दाबून पाहिला आणि म्हणाले, "नंदूजी, झकास. अगदी मनासारखं. जरा इकडे ये, बोलायचंय."

आणि मग त्या माणसाने सांगितलं. खांद्यावर हात ठेवून. मराठीत.

"हे बघ, व्हिडिओवाले येणार आहेत. मालक येणार आहेत. टेक्स-मेक्स म्हटल्यावर लोकांना एक लूक हवा असतो. रोमेल चालून जातो, पण तू... तू समजून घे ना. आपल्या जिममधला रामी आहे ना, तो लेबनीज ट्रेनर, तो पुढे उभा राहील. पबच्या भिंतीवर टांगलेला जुना अकॉर्डियन गळ्यात घालेल. वाजवायचं तूच. तुझ्याशिवाय कोण वाजवणार? फक्त इथे मागे बसून. माइक मागे देतो. आवाज तुझाच. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो, विचारतो. गणपतीत हाच मनुष्य नंदूच्या शेजारी मांडी घालून आरती म्हणत होता. 'आपला माणूस म्हणजे आपला माणूस' म्हणत त्याने नंदूला दोन मोदक जास्तीचे वाढले होते. नंदू तेवढ्यावर विरघळला होता. परमुलुखात आपल्या भाषेतलं एक वाक्य कानावर पडलं की आपण लगेच विश्वास टाकतो, समोरच्याची नियत बघत नाही. दुसरा कुणी मॅनेजर असता तर नंदूने आधी त्याचा चेहरा वाचला असता.

"माझी फॅमिली येणार आहे सर," नंदू म्हणाला.

"येऊ दे की. उत्तम जेवण आहे. पुढची खुर्ची देतो वहिनींना. आणि हो, तुझी टोपी आणि जाकीट रामीला दे. त्याच्या मापाचं दुसरं नाही."

यावर नंदू काय म्हणाला? 'ठीक आहे सर' म्हणाला. विसाव्या वर्षी भर मांडवात भल्याभल्यांची तोंडं बंद करणारा बुवा, आणि 'ठीक आहे सर'. कारण बायकोचा आणि मुलीचा व्हिसा त्याच्या व्हिसावर, त्याचा व्हिसा हॉटेलवर, आणि हॉटेलात सही सलील सरांची. सलील पाठ फिरवून गेला तेव्हा नंदूच्या कानशिलातली शीर उडत होती. राग सलीलवर होता, त्याच्या त्या खांद्यावरच्या हातावर होता, पण सगळ्यात जास्त त्या तीन शब्दांवर होता. ते आपल्याच तोंडातून कसे निघाले, हेच त्याला कळेना.

रोमेल आणि साकिब भडकले. साकिबने काठ्या टेबलावर आपटल्या. "नहीं बजाते. बोल, अभी जाके बोलता हूँ."

"मेरे लिए तेरे पेट पे लात क्यूँ," नंदू म्हणाला. "जाने दे. खलास."

मग त्याने नयनाला फोन लावला. येऊ नका, कार्यक्रम पुढे गेला, असं काहीतरी सांगायचं ठरवून.

"आमी निघालंव," तिकडून नयना म्हणाली. घरी दोघांचं बोलणं मालवणीतच, आणि मनाली म्हणजे 'चेडू', मुलगी. "चेडू कधीचा तयार होऊन बसला हा. तुमी टोपी घालतलात मा?"

"हां," नंदू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. दिवसातलं हे दुसरं लोटांगण.

संध्याकाळी बाग भरली. थंडीचे दिवस, हवा सुखाची. झाडांवर दिव्यांच्या माळा, मालक पहिल्या टेबलावर, व्हिडिओवाले इकडून तिकडे. नंदू कुडामागे एका उपड्या क्रेटवर बसला होता. समोर झावळ्या, पाठीशी कॉम्प्रेसरची गरम फुंकर, बाजूला कचऱ्याचे डबे. बूट काढून ठेवलेले, मांडीवर अकॉर्डियन, डोकं उघडं. सकाळी आपणच इतक्या कसोशीने बांधलेल्या त्या कुडातून त्याने डोळा लावून पाहिलं, आणि त्याला काहीही दिसलं नाही. स्वतःच्या हाताने बांधलं होतं, तेही मन लावून. शिव्या द्यायच्या तर कुणाला देणार?

ऐकू मात्र सगळं येत होतं. स्टाफच्या कुटुंबांना स्टेजच्या अगदी कडेला, स्पीकरजवळ बसवलं होतं. सलीलने कबूल केलेली पुढची खुर्ची ती हीच.

"आई, बाबा कुठे आहे?" मनालीचा आवाज.

"येतलो. बस गप."

मग टाळ्या, रोमेलचं ओरडणं, आणि साकिबने काठ्यांवर दिलेला ताल. नंदूने भाता उघडला. हाताला काय, हात वाजवायला शिकलेला, तो वाजवत गेला. पहिलं गाणं रंगलं. कुणी शिट्टी मारली. गाणं संपलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या घ्यायला रामी वाकत असणार. नंदूची टोपी काढून वाकत असणार.

टाळ्या ओसरल्या आणि कुडापलीकडून शब्द आले. "आई, दॅट्स नॉट बाबा."

मनाली थांबेना. "मी सगळ्यांना सांगितलं होतं. व्हिडिओ बघतील ना सगळे. आई, बाबा खोटं का बोलला?"

नंदूला वाटलं, हातातलं सगळं फेकावं, कूड लाथेने पाडावा, आणि त्या सलीलची मानगूट धरून त्याला रुवीच्या चौकात उभा करावा. पण रोमेलने दुसऱ्या गाण्याची हाक दिली, आणि नंदूची बोटं पुन्हा पट्ट्यांवर गेली. रागाने वाजवत होता तो. सूर अणकुचीदार निघत होते, लय साकिबच्या पुढे पळत होती. बागेतल्या लोकांना ते फार आवडलं. त्यांना काय ठाऊक?

गाण्याच्या मध्यावर कुडाच्या टोकाशी अबोली साडी दिसली. नयना. ती तिथे थांबली आणि तिने पाहिलं. उघडं डोकं, अनवाणी पाय, क्रेट, कचऱ्याचे डबे. पुढे उभ्या असलेल्या माणसाची बोटं एकीकडे आणि सूर दुसरीकडे, हे तिने पहिल्याच गाण्यात ओळखलं होतं. बुवाची भाची ती, कानाने शोधत आली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. इतकी संतापलेली नयना नंदूने संसारात कधी पाहिली नव्हती. ती वळली आणि निघून गेली.

गेल्या दोघी, नंदूच्या मनात आलं. टॅक्सी करून माबेलाला. आता घरी तोंड कसं दाखवायचं? तो वाजवत राहिला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मग फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. खरखरीत, लांबलचक, गाण्याच्या वर चढणारा. नयना एक खुर्ची ओढत कुडामागे आली. तिने ती नंदूच्या बरोबर समोर मांडली, कुडाच्या आणि त्याच्या मधोमध. परत गेली. दुसरी घेऊन आली. मागून मनाली, डोळे पुसत, फ्रॉक सावरत. नयनाने तिला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. दोघींची पाठ त्या पलीकडच्या स्टेजकडे होती, पण स्टेज आता त्यांच्या लेखी इथेच होतं.

"बघ," नयना लेकीला म्हणाली. "ह्यो तुझो बापूस."

मनालीने बघितलं. आधी पायांकडे, मग बोटांकडे, मग तोंडाकडे. ती हसली नाही. तिचा राग अजून गेला नव्हता. पण ती डोळे मिटेना, मान वळवेना.

बागेत लोकांच्या माना हलू लागल्या. ही बाई आणि पोर खुर्च्या ओढत मागे का जातात? पबात वर्षानुवर्षं दर गुरुवारी येणारे एक ओमानी गृहस्थ होते, नबील नावाचे, तेल कंपनीतून निवृत्त झालेले. ते काठी टेकत कुडाला वळसा घालून आले. नंदूला पाहून त्यांचा चेहरा कडक झाला. त्यांनी एका वेटरला खूण करून खुर्ची मागवली, मनालीच्या शेजारी बसले आणि 'होऊ दे' अशा थाटात म्हणाले, "यल्ला, नंदू." त्यांच्यामागून हाउसकीपिंगमधल्या दोघी आल्या, किचनमधला एक आला. ते उभेच राहिले.

गाणं शेवटाकडे आलं होतं, लय चढायची ती जागा, आणि तेवढ्यात सलील आला. टाय सैल, चेहऱ्यावर घाम. आवाज दबका, पण दात आवळलेले. तो सरळ खुर्च्यांच्या आणि नंदूच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"हे काय चाललंय? वहिनी, प्लीज, पुढे चला. इथे बसता येणार नाही. मालक बघतायत."

"आमी गाणा ऐकूक इलंव," नयना बसल्या जागेवरून म्हणाली. "वाजवणारो हय असा."

"अहो, पण हे बरं दिसत नाही ना." तो नंदूकडे वळला. मराठी गेली, हिंदी आली. "नंदू, बोल इनको. अभी के अभी. कल ऑफिस में बात करते हैं तेरे से."

धमकी होती ती. व्हिसा, सही, माबेलाच्या दोन खोल्या, मनालीची शाळा, सगळं त्या एका वाक्यात होतं. दुपारी हेच सगळं आठवून नंदूने मान तुकवली होती. आताही ते आठवलं. पण समोरच्याने भर बैठकीत डिवचलं होतं, आणि उत्तर उद्यावर टाकायचं नसतं. भाता ओढता ओढता त्याने मान वर केली. सलीलच्या कमरेच्या आडून मनालीच्या कपाळाचा एक तुकडा तेवढा दिसत होता. ती मान तिरकी करून पुढे बघायची खटपट करत होती.

नंदूने वाजवणं थांबवलं नाही. लय सोडली नाही. आवाज चढवला, तो बारीत चढवायचा तसा, की शेवटच्या रांगेपर्यंत जावा.

"बाजूक हो," तो म्हणाला. "माझ्या चेडवाक दिसणा नाय."

सलीलला मालवणी धड कळत नव्हती. तरी तो बाजूला झाला.